गर्भपिशवीचं अस्तर आणि मूळपेशी: पैसे भरण्याआधी

सोनोग्राफीच्या कागदावर ‘अस्तर ५.५ मिमी’ असं लिहिलेलं असतं. डॉक्टर म्हणतात, अस्तर भरत नाही, अशात गर्भ सोडून उपयोग नाही. आणि मग कुणीतरी स्टेम सेलचं, म्हणजे मूळपेशींचं, नाव काढतं. कधी ते नागपूर-मुंबईच्या दवाखान्यातून येतं, कधी मोबाइलवरच्या जाहिरातीतून, कधी त्याच वाटेनं गेलेल्या नातेवाइकांकडून. वर्धा जिल्ह्यातल्या ज्या जोडप्यांपुढे हा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी हा लेख. माझं म्हणणं आधीच सांगते. मूळपेशींचा उपचार आज संशोधनाच्या टप्प्यावर आहे, तो विकत घ्यायची वस्तू नाही. आणि त्याच्याआधी करायच्या कितीतरी गोष्टी, ज्या बहुतेक वर्ध्यातच होऊ शकतात, त्या अनेकींच्या बाबतीत झालेल्याच नसतात.

अस्तर म्हणजे गर्भाशयाच्या आतला मऊ थर. पाळी येऊन गेली की तो जेमतेम दोन ते चार मिलिमीटर उरतो. बीजकोशातून इस्ट्रोजेन वाढू लागलं की तो भरत जातो आणि बीज सुटायच्या सुमाराला साधारण आठ ते बारा मिलिमीटरपर्यंत पोचतो. गर्भ रुजला नाही तर वरचा थर गळून पडतो, तीच पाळी. स्नायूला लागून असलेला खालचा पातळ थर मात्र गळत नाही. पुढच्या महिन्याचं अस्तर त्याच्यातूनच उगवतं. बांधावरचं गवत वरून कापलं तर पुन्हा हिरवं होतं, मुळासकट खणलं तर जागा उघडी पडते, तसंच हे आहे. तो खालचा थर खरवडला गेला किंवा क्षयानं खाल्ला, तर वरून कितीही गोळ्या दिल्या तरी अस्तर येत नाही. उघड्या पडलेल्या दोन भिंती एकमेकींना चिकटतात, पाळी अगदी थेंबभर येते किंवा बंदच होते. याला ॲशरमन सिंड्रोम म्हणतात. १८९४ साली जर्मनीच्या हाइनरिख फ्रिट्श यांनी असं प्रकरण नोंदवलं होतं. १९४८ मध्ये जोसेफ ॲशरमन यांनी अशा रुग्णांचा सविस्तर अभ्यास मांडला आणि आजाराला त्यांचं नाव मिळालं.

सात मिलिमीटरपेक्षा कमी अस्तराला डॉक्टर सहसा ‘पातळ’ म्हणतात. पण या आकड्यानं घाबरून जाण्याआधी तो कधी मोजला ते बघा. पाळीच्या पाचव्या दिवशी पाच मिलिमीटर अस्तर ही अगदी साधी गोष्ट आहे. मोजमाप बीज सुटायच्या जवळपास, योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत झालं पाहिजे. त्या महिन्यात कोणती गोळी चालू होती हेही बघा. बीज तयार होण्यासाठी दिली जाणारी क्लोमिफेन ही गोळी काही जणींचं अस्तर पातळ करते, आणि औषध बदललं की अस्तर सुधारतं. एका महिन्याच्या एका कागदावर ‘तुमचं अस्तरच खराब आहे’ हा शिक्का कुणालाही मारू देऊ नका. सात ही काही लक्ष्मणरेषा नाही, त्याहून कमी अस्तरावरही गर्भ राहतात. प्रमाण कमी, एवढंच.

आणखी एक गोष्ट आधी व्हायला हवी आणि ती बाईची नाही: नवऱ्याची वीर्यतपासणी. मूल होत नसलेल्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण सापडतं. ही तपासणी साधी आहे, स्वस्त आहे, अंगाला सुई लागत नाही. तरी ती शेवटी होते, आणि तोवर बाईच्या पिशवीवर सगळे प्रयोग होऊन गेलेले असतात.

पिशवी धुण्याची चाल

ॲशरमनची बहुतेक प्रकरणं जन्मतः नसतात. ती घडवलेली असतात. गर्भ पडला, गर्भपात केला, बाळंतपणात वारेचा तुकडा राहिला, आणि पिशवी धातूच्या चमच्यासारख्या हत्यारानं खरवडली गेली, ही त्यातली नेहमीची कहाणी. आपल्याकडे याला ‘क्युरेटिंग’ म्हणतात, गावात ‘पिशवी धुणं’, ‘पिशवी साफ करणं’. बाळंतपणानंतर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात केलेलं क्युरेटिंग सगळ्यात धोक्याचं, कारण त्या वेळी खालचा थर फार नाजूक असतो.

याहून वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. ‘पिशवी धुतली की दिवस राहतात’ ही समजूत अजून गावोगाव आहे. सासू म्हणते, शेजारीण म्हणते, आणि कुठेतरी क्युरेटिंग होऊनही जातं. मूल हवं म्हणून नुसतं क्युरेटिंग करून घेण्याला वैद्यकशास्त्रात आधार नाही. अस्तराचा नमुना तपासायचा असेल तर बारीक नळीनं दवाखान्यातच घेता येतो, त्यासाठी पिशवी खरवडावी लागत नाही. जी गोष्ट मूल होण्यासाठी केली, तिच्यामुळेच मूल होण्याची जागा गेली, असं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

गर्भ पडल्यावर पिशवी रिकामी करावीच लागली तर जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्पष्ट आहे: धारदार क्युरेटिंगऐवजी हवेच्या दाबानं काढणं, म्हणजे व्हॅक्यूम, किंवा औषधं. हाताच्या पंपानं होणाऱ्या व्हॅक्यूमला डॉक्टर ‘एमव्हीए’ म्हणतात. आशाताई, एएनएम आणि घरातल्या बायका, तुम्हाला एवढं एक वाक्य विचारता आलं पाहिजे: ‘डॉक्टर, हे व्हॅक्यूमनं होईल का?’ विचारल्याचा राग चांगला डॉक्टर धरत नाही.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्यांचा संबंधही इथेच येतो. कायद्यानुसार या गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत, नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायच्या असतात. परस्पर घेतल्या, दिवस चुकीचे मोजले, तर गर्भ अर्धवट पडतो, रक्त थांबत नाही, आणि मग घाईघाईनं खरवडण्याची वेळ येते. गर्भपात कायदेशीर आहे. १९७१ चा कायदा आणि २०२१ ची दुरुस्ती यांनी तो हक्क दिला आहे, आणि बाईचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. लपूनछपून जायचं काही कारण नाही.

हे सगळं डॉक्टरसमोर सांगायला मात्र लाज आड येते. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी कधी आतून तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्याला साडेतीन दशकं होऊन गेली. रस्ते झाले, दवाखाने झाले, पण लग्नाआधीचा गर्भपात किंवा आठ वर्षांपूर्वीचं क्युरेटिंग आजही नवऱ्यासमोर सांगता येत नाही आणि ते केसपेपरवर येतच नाही. म्हणून डॉक्टरांना सांगा, मला एकटीला बोलायचं आहे. तुमचा तो हक्क आहे. आधीच्या प्रत्येक गर्भाची, प्रत्येक क्युरेटिंगची, सिझेरियनची, गाठ काढल्याची नोंद तारखेसह एका वहीत लिहून न्या. पाळी कधीपासून कमी झाली, त्याच्याआधी काय झालं होतं, हे उत्तर अर्ध्या तपासण्यांपेक्षा मोलाचं असतं.

क्षय: विसरला जाणारा गुन्हेगार

पाश्चात्त्य पुस्तकांत ॲशरमनची कारणं वाचली तर क्युरेटिंगच मुख्य दिसतं. भारतात त्याच्या जोडीला जननमार्गाचा क्षय उभा असतो. हा क्षय खोकत नाही. ताप नसतो, वजन फारसं घटत नाही. नळ्या बंद होतात, अस्तर आतून झिजतं, आणि बाई फक्त ‘दिवस राहत नाहीत’ म्हणून येते. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल, लहानपणी तुम्हाला झाला असेल, तर ते सांगा.

तपासणीत एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. अस्तराचा नमुना पाळीच्या जरा आधी घेतात. त्याचा एक भाग फॉर्मालिनमध्ये जातो, सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी. दुसरा भाग साध्या सलाइनमध्ये जायला हवा, जंतू वाढवून बघण्यासाठी (कल्चर) आणि सीबीनॅट तपासणीसाठी. सगळा नमुना फॉर्मालिनमध्ये टाकला तर जंतू मरतात आणि कल्चर होऊच शकत नाही. नमुना घेतानाच विचारा, ‘कल्चरसाठी वेगळी बाटली भरली का?’ नंतर विचारून उपयोग नसतो.

उलट बाजूही सांगायला हवी. एका पीसीआर रिपोर्टवर ‘टीबी आहे’ म्हणून सहा महिन्यांची औषधं सुरू होतात, असंही होतं. पीसीआर मेलेल्या जंतूंचे अंशही पकडतं. हातावरची मॉन्टू चाचणी किंवा रक्ताची इग्रा चाचणी आज आजार चालू आहे की नाही हे सांगूच शकत नाही. म्हणून एकट्या अशा चाचणीवर भिस्त ठेवू नका, बाकीचा पुरावा काय आहे ते विचारा.

क्षय खरोखर निघाला तर औषधं सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात. निक्षय पोषण योजनेत महिन्याला १००० रुपये खात्यात येतात, नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. माहितीसाठी १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे. औषधं पूर्ण होईपर्यंत पिशवीत कुणालाही काही सोडू देऊ नका, ना गर्भ, ना पीआरपी (त्याबद्दल पुढे), ना मूळपेशी. आणि मनाची तयारी ठेवा. औषधं आजार थांबवतात, पण जो खालचा थर गेला तो परत आणत नाहीत.

वर्ध्यात काय होऊ शकतं

२०११ च्या जनगणनेत जेमतेम १३ लाख लोकसंख्या असलेल्या आपल्या जिल्ह्यात दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय कस्तुरबांच्या निधनानंतर स्त्रिया आणि मुलांसाठी म्हणून सुरू झालं, आणि त्याच्याभोवती डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. सावंगी (मेघे) इथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि त्याच्याशी जोडलेलं टेस्ट ट्यूब बेबी केंद्र आहे. शहरात जिल्हा रुग्णालय आहे. आष्टी-कारंजाकडून किंवा समुद्रपूरकडून एसटीनं येणाऱ्यांना हा प्रवासही जड जातो, हे मला ठाऊक आहे. तरी मुंबईच्या वाटेला लागण्याआधी इथे एक खेप झालीच पाहिजे.

पहिल्या भेटीत थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि बीजकोशाच्या शिलकीच्या तपासण्या व्हाव्यात. पाळी बंद होण्याचं कारण दर वेळी पिशवीत नसतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही देऊनही पाळी आली नाही, तर संशय अस्तरावर जातो. मग दुर्बिणीची तपासणी, म्हणजे हिस्टेरोस्कोपी. चिकटलेल्या भिंती प्रत्यक्ष दिसतात त्या इथेच. सोनोग्राफी आणि नळ्यांचा एक्स-रे इशारा देतात, खात्री दुर्बीण करते.

उपचारही तिथेच सुरू होतो. दुर्बिणीतून बघत बघत चिकटलेले पडदे बारीक कात्रीनं मोकळे केले जातात. पुन्हा चिकटू नये म्हणून आत फुगा किंवा विशिष्ट जेल ठेवतात, नंतर काही आठवडे इस्ट्रॅडिओलच्या गोळ्या देतात, आणि एक-दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून बघतात. हा दुसरा डोकावा अनेक जणी टाळतात, कारण पाळी सुरू झालेली असते आणि खिसा रिकामा झालेला असतो. टाळू नका. गंभीर प्रकारात भिंती पुन्हा चिकटण्याचं प्रमाण मोठं आहे. हलक्या आणि मध्यम चिकटण्यात मात्र या साध्या मार्गानं पाळी परत येते आणि अनेकींना दिवसही राहतात. हे काम अनुभवाचं आहे. ‘अशा किती शस्त्रक्रिया करता?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा. दाखल झाल्यावर धावपळ होते.

आता मूळपेशी

कल्पना चुकीची नाही, आणि म्हणूनच ती नीट समजून घ्यायला हवी. दर महिन्याला नवं अस्तर उगवतं म्हणजे त्या खालच्या थरात नव्या पेशी घडवणाऱ्या पेशी असणारच. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅरोलिन गार्गेट यांच्या गटानं माणसाच्या अस्तरात अशा पेशी असल्याचा पुरावा दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ह्यू टेलर यांनी चार स्त्रिया तपासल्या, ज्यांना दुसऱ्या कुणाची अस्थिमज्जा दिलेली होती. त्यांच्या अस्तरात दात्याच्या पेशी सापडल्या. हाडातल्या मज्जेतून पेशी पिशवीपर्यंत पोचतात, तर मग तिथल्याच पेशी काढून पिशवीत का सोडू नयेत, असा विचार पुढे आला.

आणि हे आधी करून बघणाऱ्यांत आपला देश होता. २०११ मध्ये अहमदाबादच्या चैतन्य नागोरी आणि सोनल पांचाळ यांच्या गटानं गंभीर ॲशरमन असलेल्या एका स्त्रीचा अहवाल प्रसिद्ध केला. तिच्याच मज्जेतल्या पेशी पिशवीत सोडल्यावर अस्तर भरलं आणि आयव्हीएफनं गर्भ राहिला. २०१४ मध्ये दिल्लीच्या एम्समधून सहा स्त्रियांचा अहवाल आला, त्यातल्या बहुतेकींची पाळी परत सुरू झाली. २०१६ मध्ये स्पेनच्या गटानं सोळा स्त्रियांवर मज्जेतल्या निवडक पेशी गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांतून सोडल्या. पाळी आली, काहींना गर्भ राहिले, पण पुढच्या महिन्यांत पाळीचे दिवस पुन्हा घटत गेले. चीनमध्ये नानजिंगला कोलॅजनच्या पातळ जाळीवर पेशी बसवून ती जाळी पिशवीत ठेवण्याचे प्रयोग झाले.

एक, सहा, सोळा. हे आकडे मन लावून बघा. यांतल्या बहुतेकींना सोबत हार्मोन दिलेले होते, दुर्बिणीनं पिशवी मोकळी केलेली होती. मग सुधारणा कशामुळे झाली? तुलनेला दुसरा गट नसेल तर सांगता येत नाही. पेशी आत जाऊन अस्तर बनतात की नुसते संदेश सोडून जखम भरायला मदत करतात, यावरही वाद आहे. २०१८ मध्ये उंदरांवर झालेल्या एका अभ्यासात मज्जेतल्या पेशी अस्तराच्या पेशी झाल्याच नाहीत असं दिसलं. आशा धरायला जागा आहे. पण या उपचारानं जिवंत मूल जन्माला येण्याचं प्रमाण खात्रीनं वाढतं, असं म्हणण्याइतका पुरावा अजून जमलेला नाही.

म्हणून कायद्याची बाजू समजून घ्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं मज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर मूळपेशींचा कुठलाही वापर हे संशोधन आहे. ते मान्यता घेऊन केलेल्या नोंदणीकृत चाचणीतच होऊ शकतं. आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी घर वाचेल. कापूस विकून, सोनं गहाण ठेवून मूळपेशींचं ‘पॅकेज’ भरायला जर कुणी सांगत असेल, तर ती चाचणी नव्हे आणि मान्य उपचारही नव्हे.

चाचणी खरी असेल तर तिला सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीचा क्रमांक असतो. ही नोंदवही २००७ पासून आहे, सर्वांना खुली आहे, आणि घरातलं कॉलेजात जाणारं पोरगं मोबाइलवर दहा मिनिटांत तो क्रमांक शोधून देईल. तिथे दवाखान्याचं नाव, प्रमुख डॉक्टरांचं नाव, चाचणी कोणत्या आजारासाठी आहे हे सगळं लिहिलेलं असतं. ते तुमच्या आजाराशी जुळतं का बघा. गुडघ्यासाठी नोंदवलेली चाचणी दाखवून पिशवीत पेशी सोडता येत नाहीत. मूळपेशींसाठीच्या वेगळ्या संस्थात्मक समितीची मान्यता आहे का, ते विचारा. संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, सही दुसऱ्या दिवशी करा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार हे त्यात लिहिलेलं असलं पाहिजे, २०१९ च्या नियमांत तशी तरतूद आहे. कधीही बाहेर पडण्याचा हक्क तुम्हाला आहे. पेशी कुणाच्या, हेही विचारा. स्वतःच्या मज्जेतल्या पेशी कमरेच्या हाडातून सुईनं काढतात. दुसऱ्याच्या नाळेतल्या पेशी असतील तर प्रश्न आणखी वाढतात.

पीआरपीबद्दल मात्र वेगळं बोलायला हवं, कारण ते वर्ध्यातही सुचवलं जाऊ शकतं. तुमचंच रक्त काढून, यंत्रात फिरवून त्यातला प्लेटलेट्सनी भरलेला थोडा द्रव पिशवीत सोडतात. यात मूळपेशी नसतात. कुणी पीआरपीला ‘स्टेम सेल’ म्हणून विकत असेल तर तिथेच सावध व्हा. पातळ अस्तरासाठी २०१५ पासून त्याचे लहान-मोठे अभ्यास आलेले आहेत, निकाल संमिश्र आहेत. रक्त तुमचंच असल्यानं मोठा धोका कमी. तपासण्या नीट झाल्या असतील, क्षय नसेल, किंमत आवाक्यात असेल, आणि डॉक्टरांनी ‘उपयोग होईलच असं नाही’ हे तोंडानं सांगितलं असेल, तर एकदा करून बघायला माझी हरकत नाही. चौथ्यांदा, पाचव्यांदा करायला सांगितलं तर आहे.

पाळीच्या रक्तातल्या पेशी साठवून ठेवा, मुलीच्या भविष्यासाठी बँकेत ठेवा, अशी विक्री कुणी करत असेल तर तिकडे वळूच नका. आपल्या मार्गदर्शक सूचनांनुसार परवानगी आहे ती फक्त नाळेच्या रक्ताच्या बँकेला. एन्डोमेट्रिऑसिसवर मूळपेशींचा उपचार, हीही जाहिरात दिसते. त्या आजारात अस्तरासारख्या पेशी पिशवीबाहेर वाढतात, आणि मूळपेशी हा तिथे उपाय असण्याऐवजी आजाराचाच एक भाग असावा, असा संशोधकांचा कयास आहे.

ज्यांची पिशवी सगळे उपाय करूनही साथ देत नाही, त्यांना एक तरतूद माहीत नसते. सरोगसी (नियमन) नियम २०२२ मध्ये सरोगसीसाठी मान्य असलेल्या वैद्यकीय कारणांत गर्भाशयातले चिकटलेले पडदे आणि पातळ अस्तर यांचा उल्लेख नावानिशी आहे. त्यासाठी जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पत्नीचं वय २३ ते ५० आणि पतीचं २६ ते ५५ हवं. सरोगेट आईला वैद्यकीय खर्च आणि विम्यापलीकडे मोबदला देता येत नाही, ती विवाहित किंवा पूर्वी विवाहित, स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची असावी लागते. सोपा रस्ता नाही, पण कायद्याचा आहे, आणि तोही बंद वाटला तर ‘कारा’ या दत्तकासाठीच्या सरकारी संस्थेमार्फत दत्तक आहे. दुर्बिणीचे, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट जपून ठेवा, मंडळासमोर तेच बोलतात.

तक्रार करायची वेळ आली तर डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. पावती नसेल तर दोन्हीकडे हात बांधलेले. रोख मागणाऱ्याला पावती मागा.

आणि दिवस राहिले तर? आनंदाच्या भरात हे सांगायचं राहून जातं, म्हणून ठळकपणे लिहिते. चिकटलेली पिशवी मोकळी करून राहिलेल्या गर्भात वार स्नायूत खोल रुतण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. तसं झालं तर बाळंतपणात वार सुटत नाही आणि रक्तस्राव काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. सोनोग्राफी करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला जुनी शस्त्रक्रिया सांगा आणि वार कशी बसली आहे ते मुद्दाम बघायला सांगा. माहेरी बाळंतपणाला जायचा रिवाज असेल, आणि माहेर रक्तपेढीपासून दोन तास दूर असेल, तर या वेळी रिवाज बाजूला ठेवा. रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह चोवीस तास असलेल्या रुग्णालयातच नाव घाला, सातव्या महिन्यातच. तुमच्या रक्तगटाची दोन माणसं कोण, ती कोणत्या गावात, त्यांचे फोन नंबर काय, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.